सैल

उदगीरच्या सरकारी दवाखान्यात
जिन्याखाली, जिथं आधी फिनेलचे कॅन ठेवायचे,
तिथं आता एक लोखंडी रॅक आहे
आणि रॅकमध्ये चार पेट्या, राखाडी,
कपाटाच्या खणासारख्या पुढं ओढायच्या.
हणमंत वाचमन त्यांना तिजोऱ्या म्हणतो.
‘आत हाय तरी काय, बाई?’
काच, मी सांगते. केसाएवढी.
‘काचंला कुलूप!’ म्हणतो, आणि हसत राहतो.

आज नऊ नंबर मुका.
एक्स-रेच्या खोलीतून लातूरला काहीच जाईना.
बाकावर चिंचेवरून पडलेलं एक पोरगं
कोपर धरून बसलंय, रडून झालेलं.
त्याची आई घडीघडी दारात येते
आणि काही न विचारता परत जाते.

मी दुसरी पेटी ओढते. कॅसेट काढते. झाकण उघडते.
आणि उकिडवी बसून नुसती बघत राहते.

कुणाचा तरी हात इथं फार नीट फिरलाय.
निळा नारिंगी हिरवा तपकिरी
राखाडी पांढरा लाल काळा
पिवळा जांभळा गुलाबी पाणेरी
(आयटीआयला आम्ही हे पाढ्यासारखं म्हणायचो,
पाणेरीपर्यंत सगळ्यांचा दम संपायचा)
एकावर एक चढलेला कुणी नाही.
एकही वळण चार बोटांच्या आत नाही.
कोपर दुमडतं, काच दुमडत नाही.
जास्त वाकवली तर लगेच तुटतेच असंही नाही,
आतला उजेड वळणावर सांडून जातो
आणि वरून केबल धडधाकट दिसते.

झाकणाच्या आतून चिकटपट्टी, बॉलपेनचं अक्षर:
१ नोंदणी. २ औषधं. ३ साहेब, सहसा नसतात.
९ एक्स-रे. पाठीमागं उंदीर, जपून.
खाली, अजून बारीक:
सैल चार मीटर ठेवली आहे. लागेल.
मैनोद्दीन नदाफ.

‘कोण हा?’
‘औशाचा होता की. लई गप माणूस.
त्येचा आजा गाद्या पिंजायचा,
ह्या दवाखान्याच्या बी पिंजल्या म्हनं.
आता काय की, मस्कतला गेलाय का कुठं.’

धनुकलीचा आवाज मी लहानपणी ऐकलाय,
तातीचा, आणि नाकात जाणारा कापूस.
त्या घरातला नातू तंतू वेगळे करणारच म्हणा.
नाही, हे मी उगीच जुळवतेय.
हात त्यानं घडवलाय, माझ्यासारखाच,
दार लावून, पंखा बंद करून,
कारण पंख्यानं तंतू उडतो,
मे महिन्यात, घाम कोपरापर्यंत.

उंदरानं काम केलेलंच होतं, सांगितलं तिथंच,
पेटीच्या अगदी पाठीशी.
मागं खिळ्याला वेटोळं टांगलेलं, धुळीनं मऊ झालेलं.
ते नसतं तर आज भिंत फोडावी लागली असती,
एक्स-रेपर्यंत नवी ओढावी लागली असती,
आणि त्याची मंजुरी कधी आली असती ते
तीन नंबरला विचारावं लागलं असतं.

तोडते. सोलते. स्पिरिटनं पुसते.
मशीनच्या पडद्यावर दोन टोकं समोरासमोर,
तिथं ती खांबाएवढी दिसतात.
ठिणगी.
आता इथून जातं ते डोळ्याला दिसत नाही,
आणि दिसत नाही म्हणून डोळा लावून बघायचं नाही,
हे पहिल्याच दिवशी शिकवतात.

वरून कुणीतरी ओरडलं, ‘गेलं, गेलं!’
पोराची आई पुन्हा दारात. या वेळी विचारते,
‘जेवलीस का गं?’
घड्याळात साडेतीन.

मी पट्टीवरच्या ‘चार’वर काट मारते.
पावणेतीन मीटर. सत्यशीला सूर्यतळ.
मग थोडं थांबून, त्याच्यासारखंच बारीक:
उंदीर अजून आहे.